शिळ्या पाण्याचा बहार

रविवारी डाळिंबाचं झाड तोडायचं ठरलं आणि आमच्या घरात कधी नव्हे ती एकी झाली. एकी म्हणजे कुणीच काही बोलेना. आम्ही इंगोले लग्नात भांडतो, सुतकात भांडतो, दवाखान्यात एकाला सलाईन चालू असताना त्याच्या उशाला बसून भांडतो. पण बुधवारी चहाच्या वेळी आबा म्हणाले, "ह्या ऐतवारी झाड काढायचं. बिभीषणरावास्नी फोन केलाय, करवत घिऊन येतील," तेव्हा आई, माझी बायको वैजयंती आणि मी, तिघंही आपापल्या कपात बघत बसलो.

खरं तर मी उडी मारायला हवी होती. जुळे सोलापुरातल्या आमच्या प्लॉटवर फाटकातून आत शिरलं की उजव्या हाताला ते डाळिंब, आणि माझी गाडी बाहेर रस्त्यावर उन्हात. गाडी सेकंडहँड असली म्हणून काय झालं, चारचाकी आहे. चिंचोळी एमआयडीसीतल्या स्टोअरकीपरला आयुष्यात एवढाच मोठेपणा मिळतो आणि तोही रस्त्यावर उभा. त्यामुळं गेली दोन वर्षं मी आणि वैजयंती झाडाच्या विरोधी पक्षात होतो. आई-आबा सत्तेत. माझी थोरली बहीण सुकन्याअक्का, म्हणजे बिभीषणरावांची बायको, श्रीपूरहून ज्या दिवशी ज्याच्याशी फोनवर बोलेल, त्या दिवशी त्याच्या बाजूची.

सांगोल्याकडच्या आमच्या शेतात आबांची तीनशे डाळिंबं होती. पाच वर्षांपूर्वी त्या बागेला मर लागली, झाडं उभ्या उभ्या वाळली आणि एका हंगामात सगळी गेली. त्याच्या आधी आबांनी सहज म्हणून एक गुटी बांधली होती, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फुटवून केलेलं रोप. तेवढं वाचलं. शेत चुलत्यांना कसायला देऊन आबा आमच्याकडे आले, ते एसटीत मांडीवर तेलाचा डबा आणि डब्यात ते रोप घेऊन. बाग गेली तेव्हा मी गावी गेलो नव्हतो. आबांनी शेजाऱ्याच्या फोनवरून वाळलेल्या बागेचा फोटो पाठवला, त्याखाली मी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं आणि जेवायला बसलो. आमच्या पिढीचं दुःख असं चटकन उरकतं.

झाड मात्र सोलापुरात आल्यावर सुखावलं. चार वर्षांत माझ्या डोक्याच्या वर गेलं, पानांनी गच्च झालं. फळ म्हणाल तर एक धरलं, तेही खारीनं खाल्लं. आबांचं निदान पक्कं होतं.

"झाड माजलंय," ते म्हणाले. "खाऊनपिऊन सुखी हाय ते. कशाला फळ दील? ह्याला ताण द्याया पायजे."

डाळिंबाला ताण देतात म्हणजे पाणी तोडतात. चाळीसेक दिवस थेंब द्यायचा नाही. झाडाला वाटतं, आपण आता मेलो. पानं पिवळी पडून गळतात. मग छाटणी करून, खत घालून पहिलं पाणी द्यायचं, की ते जिवावरचं टळलं म्हणून फुलांनी लदबदून जातं. याला बहार धरणं म्हणतात. हे सगळं ऐकून वैजयंतीनं विचारलं, "म्हणजे सुनेचं सासरचं पहिलं वर्ष?" मी हसलो. मग आईकडं बघितलं आणि खोकल्यावर नेलं.

एक एप्रिलला आबांनी अंगणात उभं राहून हुकूम सोडला. "आजपास्नं झाडाला पाणी बंद. कुणीबी घालायचं न्हाय. आन् अभिमन्यू, ताण देऊनबी पान पडलं न्हाय तर मी हातानं झाड तोडीन. लाव मग तुझी गाडी."

पंधरा मे उजाडला. पारा त्रेचाळिसावर. कॉलनीतल्या कडुनिंबांनी माना टाकल्या. आमचं डाळिंब हिरवंगार, आणि शेंड्याला लालसर कोवळी पालवी. आबा रोज संध्याकाळी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे. पंचेचाळिसाव्या दिवशी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "माझा हात गेला रं."

"काय झालं हाताला?" मी विचारलं. मला वाटलं, सांधे.

"झाड ऐकत न्हाय माझं. चाळीस वर्सं तीनशे झाडं माझ्या बोलण्यात हुती. आता एक ऐकत न्हाय. मला आता काय येतच न्हाय म्हण की."

यावर मी काहीही बोलू शकलो असतो. मी म्हणालो, "उन्हात बसू नका, आबा." आणि आत जाऊन एसी लावला.

आता आईचं सांगतो. हे मला रविवारपर्यंत ठाऊक नव्हतं, पण घराण्याची गोष्ट सांगायला बसलेल्या माणसाला कुणाच्याही डोक्यात शिरता येतं, आणि आईच्या डोक्यात तर मी लहानपणापासून विनापरवाना शिरतो. आमच्या भागात पाचव्या दिवशी नळ येतो. नळ यायच्या सकाळी आई चारच्या ठोक्याला उठते आणि पहिल्यांदा घरातल्या घागरी, बादल्या, पाण्याचं मोठं टिप रिकामं करते. नवं पाणी येणार, तेव्हा जुनं घरात ठेवायचं नाही, ते शिळं. भाकरी शिळी खाता येते, पाणी नाही. मग ते ओतायचं कुठं? गटारीत ओतलं तर पाप. चार वर्षं ते डाळिंबाच्या आळ्यात जात होतं आणि एक एप्रिलनंतरही जात राहिलं. आबांनी पाणी बंद केलं होतं. शिळ्याबद्दल ते काही बोलले नव्हते.

वैजयंतीचं प्रकरण जास्त नाजूक. ती विरोधी पक्षाची पुढारी. झाडाच्या जागी फरशी कुठली घालायची तेही तिनं बघून ठेवलं होतं. पण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं, की झाडाची पानं कडेनं मुडपायला लागलीत. ती शाळेत शिकवते. पोरांना पट्टी दाखवते, मारत नाही. तिनं हातातल्या पातेल्याकडं बघितलं. तांदळाचं धुवण होतं. इकडंतिकडं कुणी नाही असं बघून ती बाहेर गेली आणि ओतून आली. स्वतःशी म्हणाली, एकदाच. दुसऱ्या दिवशी डाळ धुतली. मग आमच्याकडे वरणभात रोज व्हायला लागला, आणि मला वाटलं, बायकोचं प्रेम वाढलंय.

राहिलो मी. बेडरूमचा एसी बसवणाऱ्यानं पाण्याची नळी भिंतीवरून खाली सोडली, ती नेमकी आळ्यात. एसी चालू असला की थेंब थेंब चालू. हे मला ताणाच्या तिसऱ्याच दिवशी दिसलं. नळी हातभर सरकवायची, एवढंच काम. मी म्हणालो, रविवारी करू. त्यानंतर सहा रविवार गेले. आई आणि वैजयंतीनं दयेपोटी केलं, मी आळसानं. निदान सुरुवात तरी आळसानं.

तर रविवार. दहाच्या सुमाराला अक्का आणि बिभीषणदाजी मोटारसायकलवर श्रीपूरहून आले. दाजी साखर कारखान्याच्या शेती विभागात आहेत. उसाचा माणूस, पण जगातल्या कुठल्याही रोपाबद्दल त्यांचं मत तयार असतं. आमच्या घरात त्यांना कुणी कधी काही विचारत नाही. आज सासऱ्यांनी स्वतः बोलावलेलं. दाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पेट्रोलवर चालणारी करवत अक्काच्या मांडीवर देऊन आणली होती.

अक्का फाटकातूनच रडत आली. "आबा, शेवटचं झाड हो आपल्या बागेचं! अभ्या, तुला लाज न्हाय का रं? गाडीपायी?"

"मी काय केलं? आबांनी ठरवलंय."

"तुझ्या त्वांडाकडं बघूनच ठरवलं आसंल."

"अक्का, गुरुवारी फोनवर तूच म्हणालीस, पार्किंग पाहिजेच म्हणून."

"गुरुवारची गोष्ट येगळी," अक्का म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

आबा पांढरा शर्ट, धोतर, टोपी अशा बाहेर जायच्या कपड्यांत पायरीवर उभे होते. घरातलं माणूस गेल्यावर पुरुष असे उभे राहतात. ते म्हणाले, "रडायचं न्हाय. शब्द दिलाय मी. जावईबापू, करा सुरू."

"मामा, वरनं कापून उपेग न्हाय," दाजी म्हणाले. "बुडातनं परत फुटतंय. आधी आळं खणतो, मुळ्या मोकळ्या करतो." त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि कुदळ मारली.

वरची सुकलेली पापडी फुटून कुदळ आत गेली, ती अशी सहज गेली की दाजींचा तोल गेला. बाहेर आली ती काळ्या चिखलानं भरून. दाजींनी दुसऱ्या बाजूला मारली. तिथंही चिखल. शर्टावर उडालेले शिंतोडे बघत ते म्हणाले, "मामा, ताण कवापास्नं दिलाय म्हणालात?"

"पन्नास दिस हुत आलं."

"हितं भात लावता येतोय की."

आबा पायरी उतरून आले. खाली बसले. मूठभर चिखल घेऊन दाबला, बोटांतून पाणी निघालं. ते आमच्याकडं बघायला लागले आणि मला एकदम चौथीत असल्यासारखं वाटलं.

"पाईप फुटला असेल," मी म्हणालो.

सांगायला लाज वाटते, पण खरं सांगायचं ठरवलंय. तोंड उघडलं आणि खोटं बाहेर आलं, न शिकवता. आबांनी लगेच मान हलवली. "पाईप हितनं जातच न्हाय."

"मग शेजारच्यांची टाकी..."

"अहो, पुरे करा," वैजयंती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "आबा, मी घालते. रोज सकाळी. तांदळाचं धुवण. कधी डाळीचं."

अक्काचं रडणं थांबलं.

"तू?" आबा म्हणाले. "तुला तर झाड नको हुतं."

"नकोच होतं. पण असं तहानेनं नको होतं. तोडायचं तर एकदाच तोडा ना. रोज खिडकीतून बघायचं म्हणजे... मला नाही जमलं."

"धुवण म्हंजी काय पाणी न्हाय," आई घाईनं म्हणाली. सून सापडली की आई तिच्या बाजूला जाते, हे मी लग्नानंतरच्या वीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. "त्याला काय हुतंय? मी एवढं शिळं पाणी वतते, त्यानं कुटं काय झालं?"

बोलून झाल्यावर आईच्या लक्षात आलं.

"किती वतती?" आबांनी विचारलं.

"जास्ती न्हाय."

"सोने, किती?"

"चार घागरी. आन् टिपाचा तळ. पाच दिसांतनं एकदा, रोज न्हाय काय!" आई चिडून म्हणाली. "आन् ते पाणी न्हवं. शिळं हाय ते. तुमी पाणी बंद म्हणालात, मी ताज्या पाण्याचा थेंब घातला आसंल तर सांगा."

दाजी कुदळीवर रेलून उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा सासुरवाडीत सगळं त्यांच्यासमोर चाललं होतं आणि आता 'जावईबापू, आत बसा' असं ते कुणालाही म्हणू देणार नव्हते. त्यांची नजर भिंतीवरून खाली आली आणि नळीवर थांबली. नळीच्या तोंडाला एक थेंब लोंबत होता. तो पडला. दुसरा आला.

"अभिमन्यूराव," दाजी गोड आवाजात म्हणाले, "हे काय तीर्थ हाय व्हय?"

"एसीचं पाणी आहे," मी म्हणालो. "माझ्या लक्षातच आलं नाही."

वैजयंतीनं माझ्याकडं बघितलं. पट्टी नुसती दाखवायची, मारायची नाही.

"आलं होतं लक्षात," मी म्हणालो. "तिसऱ्या दिवशी. आधी कंटाळा केला. मग झाड हिरवं राहतंय हे दिसलं, आणि म्हटलं, राहू दे. हिरवं राहिलं तर तुम्ही तोडणार. गाडीला जागा होईल. तुम्ही मला हात गेला म्हणून सांगितलंत ना आबा, तेव्हाही मला माहीत होतं. तुमचं काही चुकत नव्हतं. मी गप्प बसलो."

पन्नाशीला आलेला माणूस, अंगात टी-शर्ट, आणि बापासमोर चोरी कबूल करतोय. अक्का तोंडाला हात लावून उभी होती. आबा ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी चिखलाचा हात धोतराला पुसला. "म्हंजी घरात माझं कुणीच ऐकलं न्हाय," ते म्हणाले. "झाडाचा काय दोष?"

"घ्या!" आई कडाडली. "आन् तुमी? तुमी ऐकलं का तुमचं?"

"मी काय केलं?"

"रोज आंघुळ झाली की भरलेला तांब्या घिऊन हितं कोण उभं ऱ्हातंय?"

"ते सूर्व्याला देतोय मी."

"सूर्व्या वर आसतोय. तुमी खाली बघून घालत हुता."

दाजी फस्सकन हसले. अक्काही हसली, मग वैजयंती. मीही हसणार होतो, तेवढ्यात आबांचं तोंड दिसलं. ते पायरीवर बसले होते आणि टोपी काढून हातात धरली होती. आम्ही आबांना टोपीशिवाय फारसं बघत नाही. हसणं आपोआप थांबलं.

"व्हय," ते म्हणाले. "झाडालाच घालत हुतो."

"पण का, मामा?" दाजींनी विचारलं. त्यांच्या आवाजातली मजा गेली होती. "ताण तुमीच दिला न्हवं?"

"बागेलाबी मीच दिला हुता."

आई खाली बघायला लागली. तिला माहीत असावं.

"त्या वर्सी असाच ताण दिला. चाळीस दिस. पान पडलं, छाटणी केली, शेणखत घातलं. पाणी सोडलं आन् बांधावर बसलो. आठ दिसांत डोळा फुटायला पायजे. फुटला न्हाय. मी बसलो बारा दिस. रोज सकाळी येक येक फांदी खरवडून बघायचो. आत काळं. तीनशे झाडं निजलेली. मी निजवली आन् येकबी उठलं न्हाय."

"मर लागली होती, आबा," मी म्हणालो. "रोग होता. ताणानं नाही गेली."

"तू बघायला आलतास व्हय?"

त्यांनी ते रागानं विचारलं नाही. खरंच विचारलं, कुणी बघितलं असेल तर सांगावं म्हणून. आणि मी आलो नव्हतो. ते बारा दिवस आबा वाळलेल्या बागेच्या बांधावर एकटे बसले होते आणि गाव माझ्या घरापासून दोन तासांवर होतं. मला स्वतःची मनापासून शरम वाटली. एरवी मी असल्या शरमेवर विनोद करतो, त्या दिवशी एकही सुचला नाही.

"मर हुती का ताण जास्ती झाला, कुणाला ठावं," आबा म्हणाले. "दिला मी, येवढं खरं. हितं रोज सकाळी उठलं की वाटायचं, आज पान पडलं आसंल. तांब्या घिऊन यायचो. आन् सांजच्याला तुमाला सांगायचो, माझा हात गेला म्हणून. हात कशाला जातोय? भ्या वाटायचं मला."

दाजींनी करवत उचलून मोटारसायकलपाशी नेऊन ठेवली. अक्कानं माठातलं पाणी आणून आबांना दिलं.

वैजयंती आळ्यापाशी गेली. तिनं पायानं चिखल आत लोटला, दाजींनी उघडी केलेली मुळं झाकली. मग वळून म्हणाली, "झाड तोडायचं नाही."

"आणि गाडी?" हे मी विचारलं. विचारायचं नव्हतं. सवयीनं बाहेर पडलं.

"गाडी पाऊस-उन्हाला भीत नाही." ती आबांसमोर येऊन उभी राहिली. "आबा, ताण मी देते. तुमच्याच्यानं होणार नाही. तुम्ही फक्त कधी काय करायचं ते सांगा."

"तुला तर धा दिस दम निघाला न्हाय," आई म्हणाली.

"आता निघेल. शिळं पाणी वरच्या कुंड्यांना घालायचं, आई. धुवणसुद्धा. सूर्याचा तांब्या गच्चीवर."

"नळी आज काढतो," मी म्हणालो.

"आत्ता काढा."

मी नळीला हात घातला. मागून आबांचा आवाज आला, आणि तो पूर्वीचा, शेतातला आवाज होता. "आळं पुरतं भरू नगंस, वैजयंती. निम्मं उघडं ऱ्हाऊ दे, ऊन लागू दे मुळीला. वर नुसती येक पाटी माती टाक. पाऊस लागायच्या आत, पंधरा-वीस दिसांत पान पडंल. आन् छाटणी त्याच्या आदी न्हाय, जावईबापू, करवतीला हात लावायचा न्हाय. पेन्सिलीयेवढ्या जाड काड्या ठिवायच्या. ते मी दाखवीन."

वैजयंतीनं घमेल्यात माती घेतली. तिनं कधी मातीला हात लावलेला नव्हता, त्यामुळं निम्मी तिच्याच पायावर पडली. आबा उठून आले, तिच्या हातातून घमेलं घेतलं आणि एका झटक्यात माती सारखी पसरून दिली. मग घमेलं परत तिच्या हातात दिलं.

"जीव घट करावा लागंल," ते म्हणाले. "झाड मेल्यागत दिसंल. येणारा-जाणारा म्हणंल, मेलं. आपल्यालाबी तसंच वाटंल. तवा घालायचं न्हाय."

"नाही घालणार." वैजयंतीनं घमेलं खाली ठेवलं. मग हळूच विचारलं, "आणि आबा, पाणी दिल्यावर खरंच नाही उठलं तर?"

आबांनी तिच्याकडं बघितलं. मग आईकडं, अक्काकडं, दाजींच्या चिखलानं भरलेल्या शर्टाकडं, आणि नळी हातात धरून उभ्या असलेल्या माझ्याकडं.

"न्हाय उठलं तर न्हाय उठलं," ते म्हणाले. "तवा बांधावर मी एकटा हुतो. हितं तुमी पाच जण हाय की."